शेजाऱ्याचा पंप

वारंगा फाट्यावर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका पोकलेन मशीनच्या पोटात प्रज्ञेश पाईकराव कमरेपर्यंत शिरला होता. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते, आणि मशीनचे मालक संतराम त्या पायांशी बोलत होते.

"सर, च्या घेता का? थंडीचं काहून मरून राहिले त्या लोखंडात?"

"पाच मिनिटं," पाय म्हणाले.

प्रज्ञेश हिंगोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचा. उरलेला वेळ सहा वर्षं चालला होता. विषय होता, हायड्रॉलिक पिस्टन पंपाची झीज त्याच्या थरथरीवरून ओळखणे. पोकलेनचा तो भलामोठा हात माती उचलतो तो तेलाच्या दाबावर, आणि तेलाला दाब देतो हा पंप. त्यात नऊ पिस्टन एका तिरक्या ताटावर पाय घासत गरगर फिरत असतात. पाय झिजायला लागले तरी पंप बरेच दिवस चालतो, फक्त त्याची थरथर बदलते. माणसाच्या हाताला ते लवकर कळत नाही, लोहचुंबकाने चिकटवलेल्या सेन्सरला कळतं. प्रज्ञेशने कॉम्प्युटरवर असा एक पंप गणितात उभा केला होता. तो गणितातला पंप हवा तेवढा झिजवायचा, त्याची थरथर काढायची, ती खऱ्या पंपाच्या थरथरीशी ताडून बघायची आणि सांगायचं, हा चांगला की झिजलेला. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचं उत्तर शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर यायचं.

पण गाईड म्हणाले होते, "लॅबमधला पंप सभ्य असतो, पाईकराव. बाहेरचे तीस पंप तपासा. ऐंशी टक्के उत्तरं जुळली तर प्रबंध पुढे पाठवतो. नाही तर मार्चअखेर तुमची नोंदणी रद्द. मुदतवाढ मागायला पुन्हा माझ्या दारात यायचं नाही."

आता उत्तर जुळलं की नाही हे ठरवणार कसं? पंप खोलून बघायला हवा. चालत्या मशीनचा पंप खोलून दाखवा म्हणणं म्हणजे दुभत्या म्हशीचं पोट फाडून दाखवा म्हणण्यासारखं. प्रज्ञेशने आधी फाट्यावरच्या नेमसिंग मिस्तरीला विचारलं. नेमसिंगने तीस मशीनची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि सांगितलं, "सगळेच खलास हायेत, सर. एकेक करून सोडा माझ्याकडं." मिस्तरीच्या मताला त्याच्या गॅरेजचा वास येत होता. तेव्हा गाईड म्हणाले, "मालकाला विचारा. मालकाइतकं मशीन कुणाला माहीत असतं?"

हे शंभर टक्के खरं होतं. मालकाला माहीत असतंच. त्यामुळे प्रज्ञेशने सहा प्रश्नांचा एक फॉर्म केला, आणि त्यातला चौथा प्रश्न होता, पंपाची सद्यस्थिती काय? पुढे दोन चौकोन. चांगला. झिजलेला.

"तर सांगा संतरामभाऊ," प्रज्ञेशने बाहेर येऊन, तेलकट हाताने चहाचा कप धरून विचारलं, "पंप कसा काय?"

संतरामने आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं पाहिलं. मशीन घेऊन दोन वर्षं झाली होती. बकेटला काळी बाहुली होती, समोर लिंबू-मिरच्या होत्या, मागे एक जुनी चप्पल टांगली होती. इंजिन इतकं गोडीत चाललं होतं की चहाच्या कपात साधा तरंग उठत नव्हता.

"काय सांगू सर," संतराम आवाज उतरवून म्हणाले. "मेलंय. नुस्तं ओढून राहिलो कसंबसं."

प्रज्ञेशने 'झिजलेला' या चौकोनात खूण केली.

तिथून दोन किलोमीटरवर बालाजीचं मशीन होतं. संतरामच्या मशीनपेक्षा आकाराने मोठं, पण सात वर्षांचं. ते सुरू झालं की शेजारच्या टपरीवरच्या गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या वाजायला लागायच्या. बालाजीने कॉलर ताठ केली. अनोळखी माणूस, हातात लॅपटॉप, वर फॉर्म, गिऱ्हाईकच असणार.

"एक नंबर, सर! कंपनीचं तेल, कंपनीचा मेन्टेनन्स. सासरच्या माणसालाबी हात लावू देत न्हाई मी. तुमच्या वळखीत कोणी घेणारं असंल तर सांगा."

प्रज्ञेशने 'चांगला' या चौकोनात खूण केली.

वास्तविक प्रज्ञेश कळमनुरी तालुक्यातल्याच एका गावात वाढलेला. चांगल्या वस्तूला कुणी चांगली म्हणत नाही, नजर लागते म्हणून. आणि वाईट वस्तूला कुणी वाईट म्हणत नाही, गिऱ्हाईक पळतं म्हणून. एवढं त्याला दुधाच्या दातांपासून माहीत होतं. पण फॉर्म हातात आला की भल्याभल्यांची अक्कल त्या चौकोनाएवढी होते. त्याने महिनाभर फटफटीवर हिंडून, नरसीपासून जवळा बाजारपर्यंत, तीस मालकांची तीस उत्तरं मोठ्या निष्ठेने लिहून घेतली.

मग त्याने त्या उत्तरांशी आपल्या मॉडेलची उत्तरं लावून पाहिली. तीसपैकी तीन जुळली.

हा आकडा त्याने स्टाफरूममध्ये सर्वांना दाखवला. लपवण्याइतकंही त्राण अंगात उरलं नव्हतं. त्याच्या टेबलाला टेबल लावून हरीश सर बसायचे. तेही पीएच.डी. करत होते, विषय वेगळा, उरलेला वेळ तोच.

"तीसपैकी तीन?" हरीश सर चष्मा वर करून म्हणाले. "अरे, नाणं उडवलं असतंस तरी पंधरा आले असते. इतकं चुकायला पण हुशारी लागती, पाईकराव."

यातली शेवटची गोष्ट फार मोलाची होती. पण ती टोमण्याच्या सुरात आल्यामुळे प्रज्ञेशने मनावर घेतली आणि डोक्यात घेतली नाही.

गाईड फोनवर म्हणाले, "मॉडेल दुरुस्त करा. फील्डवरचा डेटा हाच खरा."

प्रज्ञेशने मॉडेल दुरुस्त केलं. म्हणजे मालकांनी ज्याला चांगला म्हटलं ती थरथर चांगली आणि ज्याला झिजलेला म्हटलं ती वाईट, असं त्याला पंधरा दिवस बसून शिकवलं. मॉडेल गुणाचं होतं, शिकलं. आता तीसपैकी सत्तावीस उत्तरं जुळली.

"आता कसं!" गाईड म्हणाले. "नव्वद टक्के. लिहायला घ्या."

इथपर्यंत जे झालं ते कागदावरच होतं, आणि कागदावर राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण प्रज्ञेश दिल्या शब्दाला जागणारा माणूस. मशीनला हात लावू दिल्याबद्दल प्रत्येक मालकाला पंपाचा रिपोर्ट देईन, असं तो बोलून बसला होता. त्याने एका सकाळी तीस रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून दिले. चांगल्याला हिरवा रंग, झिजलेल्याला लाल.

दहा मिनिटांत संतरामचा फोन आला.

"सर, हे लाल काहून आलं?"

"झीज तीव्र आहे, भाऊ. पंप लवकर बदला."

"पर सर, मशीन तर लोण्यावानी चालून राहिलं."

"सुरुवातीला तसंच वाटतं. पण तुमचा अंदाज मानला बरं का. तुम्ही त्या दिवशीच म्हणाला होतात, मेलंय. अगदी बराबर निघालं."

आपण ते उगीच म्हणालो होतो, हे संतरामला आता सांगता येईना. शिकल्यासवरल्या माणसापुढे स्वतःला खोटारडा कोण म्हणवून घेणार? त्यांनी फोन ठेवला आणि ओसरीत मटकन बसले.

"सुमन," ते बायकोला म्हणाले, "म्या तोंडानं वंगाळ काढलं आन् मशीननं ऐकलं."

सुमनबाईंनी मशीनवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. रिपोर्ट लालच राहिला.

इकडं बालाजीला हिरवा रिपोर्ट आला. तो त्याने तीनदा वाचला. मग फाट्यावर जाऊन रंगीत छापून घेतला, प्लास्टिकमध्ये बसवून घेतला आणि बराच वेळ विचार करत बसला. त्यानंतर त्याने जी चौकशी केली ती एवढीच, की लाल रंग कुणाकुणाला आला आहे.

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात त्याने संतरामला गाठलं. लाल रिपोर्टचं ऐकून फार हळहळला. "तुझ्यासारख्या देवमाणसाच्या नशिबी हे यावं?" म्हणाला. आणि मग एकदम मन मोठं करून म्हणाला, "मला तुझं दुःख बघवत न्हाई. माझं मशीन मोठं हाय, हिरवं हाय. अदलाबदल करू. एकाला एक. तुझं मेलेलं मी सांभाळतो."

संतरामच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही मशीनपुढे नारळ फुटला, चाव्या बदलल्या, पेढे वाटले.

फेब्रुवारीत गाईडने सांगितलं, एकदा पुन्हा फिरून चौकशी करा, उत्तरं तीच येतात का बघा. प्रज्ञेश फॉर्म घेऊन पुन्हा फाट्यावर गेला. संतरामच्या मशीनवर बालाजी बसलेला होता. त्याच्या गालांवर तुकतुकी आली होती.

"मेलंय सर," बालाजी म्हणाला. "नुस्तं ओढून राहिलो कसंबसं."

दोन किलोमीटरवर बालाजीच्या मशीनशेजारी संतराम उभे होते. टपरीवाल्याने बरण्या आता खाली मांडल्या होत्या. संतरामचा चेहरा पार सुकून गेला होता.

"एक नंबर, सर," ते म्हणाले. लाल रिपोर्टचं ऐकून बालाजीने दयेपोटी अदलाबदल केल्याचं त्यांनी सांगितलं आणि पुढे म्हणाले, "कंपनीचं तेल हाय. वळखीत कोणी घेणारं असंल तर सांगा की."

प्रज्ञेशला आनंदच झाला. मालक बदलले, तरी पंपांबद्दलची उत्तरं जशीच्या तशी! याहून भक्कम पुरावा तो कोणता? रविवारी दुपारी त्याने ही गोष्ट संध्याला सांगितली. संध्या त्याची बायको. उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. ती शेंगा फोडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बालाजीला माहीत होतं ना, संतरामच्या मशीनला लाल रिपोर्ट आलाय म्हणून?"

"हो. म्हणून तर दया येऊन त्याने..."

"बालाजीला? दया?" संध्याने फोडलेली शेंग परत ताटात टाकली. "अहो, स्वतःचा पंप कसा हाय हे त्याला ठाऊक न्हाई का? बरण्या वाजतात म्हणता. त्या पंपाला तुमी हिरवा रंग दिला. त्यानं काय ओळखलं असंल? हिरवं म्हणजे बाद. मग लाल म्हणजे काय?"

प्रज्ञेश बोटांवर मोजायला लागला, हिरवं कोण, लाल कोण.

"सहा वर्षं तुमी त्या मॉडेलपाशी बसून राहिले," संध्या म्हणाली, "आन् ते बालाजीला तुमच्या आधी समजलं."

"म्हणजे मालकांनी... सगळ्यांनीच..."

"तुमी मालकाला विचारलंच कशाला? आमी लसीकरणाला जातो तवा आईला विचारलं, लेकरू कसं हाय, तर ती म्हणती, कशाचं काय बाई, काहीच खात न्हाई, हाडं राहिली. आन् लेकरू काट्यावर ठेवलं तर माझे हात दुखतात. ज्याचं खरंच वजन भरत न्हाई त्याची आई म्हणती, माझ्या बाळाला काय धाड भरली? आमी आईचं ऐकून घेतो आन् लिहीत न्हाई."

"मग कुणाचं लिहिता?"

"जावेचं," संध्या म्हणाली. "जाऊ बराबर सांगती. किती वेळा दूध पेतंय, किती वेळा जुलाब झाले, कोणत्या दिवशी कोणी काय चारलं. एक अक्षर खोटं निघत न्हाई."

प्रज्ञेश उठला. त्याने लॅपटॉप उघडला, न शिकवलेलं जुनं मॉडेल काढलं आणि त्यात तीसच्या तीस पंप घातले. संतरामचा पंप ठणठणीत निघाला. बालाजीचा पंप असा निघाला की तो अजून चालतो कसा, याचंच मॉडेलला कोडं पडावं. प्रज्ञेशला हसावं की रडावं कळेना. आपलं सहा वर्षांचं काम बरोबर होतं आणि ते आपण आपल्या हाताने पंधरा दिवस बसून बिघडवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या एका लाल रंगापायी एका भल्या माणसाचं चांगलं मशीन गेलं होतं. पहिली लाज मार्चपर्यंत थांबली असती, दुसरी थांबण्यासारखी नव्हती.

सोमवारी सकाळी तो संतरामच्या ओसरीत जाऊन बसला आणि सगळं कबूल करून टाकलं. प्रज्ञेशला वाटलं, आता हे उठून आपल्याला मारणार. पण त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे माझं मशीन चांगलं व्हतं?"

"एकदम."

"हळू बोला, सर," संतराम घाईने म्हणाले. मग उठून त्यांनी टोपी घातली. "चला माझ्यासंगं. तुमी काही बोलू नका."

वारंगा फाट्याच्या टपरीवर त्या वेळी पंधरा-वीस माणसं चहा पीत होती. मधोमध बालाजी बसला होता आणि रोजच्याप्रमाणे आपलं रडगाणं गात होता. बाहेर त्याचं नवं मशीन उन्हात चमकत उभं होतं.

"फसलो रे बाबा," बालाजी सांगत होता. "मेलेलं मशीन गळ्यात पडलं. नुस्तं ओढून राहिलो."

संतरामने पुढे होऊन त्याचे दोन्ही हात धरले. "बालाजी, लई पाप झालं रे माझ्याकडून. मेलेलं मशीन तुझ्या गळ्यात बांधलं आन् तुझं एक नंबर मशीन घेऊन बसलो. अन्न गोड लागत न्हाई. ही घे तुझी चावी."

बालाजी दचकला. "आरं... तसं काय एवढं न्हाई."

"न्हाई कसं? तूच तर रोज सांगून राहिला सगळ्यायला."

"चालंल मला. घेईन जमवून."

"तू मोठ्या मनाचा हायेस, मला ठाऊक हाय. पर तुझी तकलीफ मला बघवत न्हाई."

"घे ना बालाजी," चहा पिणाऱ्यांतला एक म्हणाला. "लाखात एक माणूस हाय. स्वतःच्या तोंडानं वापस देऊन राहिला."

"व्हय व्हय, घेऊन टाक," चारपाच जण म्हणाले.

बालाजीला सुटायला एकच वाक्य पुरेसं होतं. मशीन चांगलं आहे, मला देऊन टाकायचं नाही, एवढं म्हटलं की विषय संपला असता. ते वाक्य त्याच्या गळ्यापर्यंत आलं. पण टपरीच्या कोपऱ्यात सोनाजी बसला होता. सोनाजीने आतापर्यंत तीन ट्रॅक्टरांचं आणि एका पिठाच्या गिरणीचं तोंडभरून कौतुक केलं होतं, आणि त्यातलं एकही पुढे चार दिवस चाललं नव्हतं, असं सारा फाटा मानत होता.

"तसं मशीन..." बालाजी चाचरला, "म्हणजे मशीन तसं काही..."

सोनाजीने कप खाली ठेवला आणि मान वळवून मशीनकडं नीट बघायला सुरुवात केली.

"मेलंय म्हणलं ना!" बालाजी ओरडला आणि खिशातली चावी काढून संतरामच्या हातात कोंबली.

बालाजीकडं परत गेलेलं मोठं मशीन चार दिवसांत नाल्याच्या कामावर बंद पडलं. नेमसिंगने पंप खोलला, पिस्टनचे झिजून वाकडे झालेले पाय ओळीने कागदावर मांडले आणि प्रज्ञेशला बोलावून दाखवले. "मी तवाच म्हणलो व्हतो," तो म्हणाला. "तीसच्या तीस."

आता हातात उरले होते पाच आठवडे. प्रज्ञेशने नवा फॉर्म केला. त्यात प्रश्न एकच होता, तुमच्या शेजारच्या मशीनवाल्याचा पंप कसा आहे? आणि त्यासाठी दोन चौकोन पुरले नाहीत, पाठकोरी पानं जोडावी लागली.

"संतरामचं? आरं, काहीच झालं न्हाई त्याच्या मशीनला. दर महिन्याला फिल्टर बदलतो, वरून रडतो."

"त्याचं नगा विचारू. सात वर्षांत दोनदा तेल बदललं, त्यातलं एकदा माझ्याकडून उसनं नेलं."

"दिवाळीपस्तोर चांगलं व्हतं. मग मेव्हण्याला चालवायला दिलं. तवापासून हात वर करतानी कण्हतंय."

कुणी तारखा दिल्या, कुणी तेलाच्या डब्याचा रंग सांगितला. एकाने शेजाऱ्याच्या पंपाच्या आवाजाची नक्कल करून दाखवली, आणि ती सेन्सरच्या आलेखाशी बरीच मिळतीजुळती होती. जुनं मॉडेल आणि शेजारी यांची उत्तरं ताडून पाहिली तेव्हा तीसपैकी अठ्ठावीस जुळली. उरलेल्या दोघांपैकी एकाचं शेजाऱ्याशी बांधावरून भांडण चालू होतं, आणि दुसऱ्याची शेजाऱ्याच्या घरी सोयरीक ठरत होती.

"हे प्रबंधात लिहायचं कसं?" गाईडने कपाळाला हात लावला. शेवटी 'निकटवर्ती त्रयस्थ निरीक्षण पद्धती' असं भारदस्त नाव देऊन ते पाचव्या प्रकरणात घातलं, आणि तीस मार्चला प्रबंध गेला.

ऑगस्टमध्ये तोंडी परीक्षा झाली. पुण्याहून आलेले परीक्षक वयस्कर होते, फार कमी बोलत होते. प्रज्ञेश तासभर बोलला. सभागृहात मागे कॉलेजचे सगळे प्राध्यापक समोशांच्या आशेने बसले होते. परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, मालकाचं मत धरायचं नाही."

"नाही, सर."

"मिस्तरीचंही नाही."

"त्याला काम मिळवण्यात रस असतो, सर."

"मग तुमच्या प्रबंधाबद्दल मी तुम्हाला काय विचारू?" परीक्षकांनी प्रबंध मिटला. "तुम्ही मालक. आणि तुमचे गाईड, म्हणजे मिस्तरीच झाले." गाईडने छताकडं बघायला सुरुवात केली. "स्टाफरूममध्ये तुमच्या शेजारी कोण बसतं?"

प्रज्ञेशचं सहा वर्षांचं काम आता एका माणसाच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि त्या माणसाला सगळं माहीत होतं. हरीश सर मागच्या रांगेत हळूच उभे राहिले.

"कसा आहे प्रबंध?" परीक्षकांनी विचारलं.

हरीश सरांनी एकदा प्रज्ञेशकडं पाहिलं. पण प्रश्न शेजाऱ्याबद्दल होता. त्यांना राहवेना.

"सर, पहिली तीन वर्षं यानं काही केलं नाही. मोबाइलवर क्रिकेट बघायचा. मी तारखा सांगू शकतो. चौथ्या वर्षी लग्न झालं, ते वर्ष धरूच नका. पान एक्काहत्तरवरचा आलेख उलटा छापलाय. मी सांगितलं नाही, म्हटलं बघू कुणाच्या ध्यानात येतं का."

परीक्षकांनी पान एक्काहत्तर काढलं, प्रबंध उलटा करून पाहिला आणि मान हलवली.

"आणि काम?"

जीभ आवरायचा हरीश सरांनी प्रयत्न केला, पण खरं एकदा सुरू झालं की अर्ध्यावर थांबत नाही.

"काम खरं आहे, सर. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हा माणूस पोकलेनच्या पोटात पडून असायचा. मला चल म्हणाला होता, मी एक दिवस गेलो नाही. आकडा खोटा करायचा असता तर पहिल्यांदाच केला असता. हा तीसपैकी तीन घेऊन आला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवत हिंडला. मग मॉडेल बिघडवलं, ते गाईडसरांनी सांगितलं म्हणून."

गाईडना खोकल्याची उबळ आली. परीक्षकांनी पेन काढलं, कागद ओढला आणि सही केली. "एक्काहत्तर पान सरळ करून घ्या, डॉक्टर पाईकराव," ते म्हणाले.

टाळ्या वाजल्या, समोसे फिरले. संध्या पुढच्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. प्रज्ञेश गर्दीतून वाट काढत मागे गेला आणि त्याने हरीश सरांना घट्ट मिठी मारली. सहा वर्षांत या माणसाने आपल्याकडं एवढं बघितलं असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"तुमची परीक्षा कधी, सर?" तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी."

"काही काळजी करू नका. मी शेजारीच आहे."

हरीश सरांच्या हातातला समोसा हातातच राहिला. त्यांनी प्रज्ञेशकडं बघितलं, मग सुटाबुटातल्या परीक्षकांकडं बघितलं, आणि चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

सोमवारी सकाळी कॉलेज उघडल्या उघडल्या त्यांनी प्राचार्यांकडे टेबल बदलून मिळण्याचा अर्ज दिला.